दुसऱ्या लाईनची मागणी

लोकांची वीजबिलं वाचणं हा माझा धंदा. घरगुती बिलं नव्हेत. ती वाचायला अक्कल लागत नाही आणि वाचून उपयोगही होत नाही. मी कारखान्यांची बिलं वाचते. लातूर, चाकूर, उदगीर, पलीकडे नांदेडपर्यंतचे दाळमिलवाले, तेलमिलवाले, बर्फवाले मला बिलं पाठवतात. मालक बिलाचा शेवटचा आकडा बघतो आणि वीज कंपनीला शिव्या घालतो. मी मधले आकडे बघते आणि मालकाला चार शब्द सुनावते. संध्याकाळी वीज महाग पडते हे ठाऊक असून यांची मशिनं नेमकी दिवेलागणीला जोरात चालतात, आणि दुपारी ऊन डोक्यावर असताना वीज स्वस्त असते तेव्हा हे जेवून आडवे झालेले असतात. बोललं की म्हणतात, "मॅडम, आमच्यात असंच चालत आलंय."

उदगीरच्या विरूपाक्ष अप्पांनी मात्र हे वाक्य मला कधी ऐकवलं नाही. दरात काही बदल झाला की ते नीट ऐकून घेत, दोन प्रश्न विचारत, आणि फिटर खाजाभाईंना हाक मारून मिलच्या वेळा तिथल्या तिथे बदलत. फक्त एका बाबतीत त्यांनी माझं ऐकलं नाही, आणि त्या एका बाबतीपायी त्यांची मिल हातची जायची वेळ आली होती.

अप्पा सत्तरीला टेकलेले. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, आणि बोलणं इतकं सावकाश की घाईत असलेल्या माणसाचा जीव जावा. माझा बऱ्याचदा गेलेला आहे. लिंगपूजा झाल्याशिवाय चहा नाही आणि चहा झाल्याशिवाय मिलचं कुलूप नाही. खाजाभाई त्यांच्याकडे तरुणपणापासून. दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारत आणि दुपारी एकाच बाकावर बसून आपापले डबे उघडत.

मिलमध्ये दोन लाईन. लाईन म्हणजे मशिनांची एक अखंड रांग: एका टोकाला तूर घालायची, चाळली जाते, घासली जाते, फोडली जाते आणि दुसऱ्या टोकाला डाळ बाहेर पडते. पहिली लाईन अप्पांच्या वडिलांची. दुसरी अप्पांनी स्वतः बसवली, त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीशैल नांदेडला इंजिनियरिंगला गेला त्या साली. पोरगा शिकून येईल, ही लाईन तो बघेल, असा सरळ हिशेब होता. पोरगा शिकला. शिकून नांदेडलाच रेल्वेच्या विभागीय कार्यालयात लागला, लग्न झालं, अंबिका घरात आली. दिवाळीला दोघं उदगीरला येत. अम्माच्या, म्हणजे गौरम्मा काकूंच्या, हातचं जेवत, दुसऱ्या दिवशी परत जात. श्रीशैल मिलकडे म्हणून फिरकत नसे.

दुसरी लाईन तशीच उभी राहिली. दोन्ही चालतील एवढा माल अलीकडे मिळतच नव्हता. पण अप्पांनी वीज कंपनीशी केलेला करार दोन लाईनचा होता, आणि तो ते कमी करायला तयार नव्हते.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण सगळं दुखणं इथेच आहे. कारखान्याच्या बिलात मुख्य भाग दोन. जेवढी वीज जाळली तिचा एक. दुसरा जाळण्याचा नाही, मागण्याचा. तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त किती वीज मागू शकता ते करारात लिहिलेलं असतं. त्याला म्हणतात करार मागणी. तेवढी वीज तुम्ही केव्हाही मागाल म्हणून कंपनीला तारा, रोहित्रं, उपकेंद्र सगळं सज्ज ठेवावं लागतं. त्या सज्ज ठेवण्याचे पैसे तुम्ही द्यायचे. खोली भाड्याने घेऊन कुलूप लावून ठेवली तरी मालक भाडं सोडत नाही, तसंच हे. आणि वर्षातून एकदा जरी तुम्ही मोठी मागणी नोंदवलीत, तर तो आकडा पुढे कितीतरी महिने तुमच्या बिलात ठाण मांडून बसतो.

अप्पा दरवर्षी बरोबर तीच चूक करत. जानेवारीत नव्या तुरीचा मुहूर्त असतो. जंगमस्वामी येतात, नारळ फुटतो, मशिनांना विभूती लागते आणि दोन्ही लाईन एकदम सुरू होतात. त्या चालू ठेवायच्या त्या शेवटची पंगत उठेपर्यंत. मुहूर्ताला जे मशिन चाललं नाही ते मेलं, असं अप्पांच्या वडिलांचं म्हणणं होतं. खाजाभाई दरवर्षी हळूच सांगत, "अप्पा, दुसरी लाईन पाचच मिनटं फिरवू अन् बंद करू. मीटर अर्ध्या तासाची सरासरी धरतंय. पाच मिनटाचं त्याला कळतबी न्हाई."

अप्पा म्हणत, "मीटरला कळंना. देवाला कळतंय की."

पंगत चांगली दोन तास चाले. मी त्या पंगतीत जेवलेय. गौरम्मा काकूंनी केलेल्या गव्हाच्या खिरीची, हुग्गीची, वाटी हातात घेऊन शेजारच्या खोलीतल्या मीटरचा आकडा चढताना बघितलाय, आणि हुग्गी गोड लागली नाही असं मात्र म्हणवत नाही.

मागच्या वर्षी कंपनीने नवा दरप्रस्ताव मांडला. असे प्रस्ताव वीज नियामक आयोगापुढे जातात. कंपनी आपला खर्च दाखवते, घर, शेती, कारखाना यांच्यात तो कसा वाटायचा ते सुचवते, आयोग लोकांच्या हरकती ऐकतो आणि मग दर ठरतो. या वेळी मागणीचे पैसे वाढणार होते. मी अप्पांच्या पुढ्यात बसून स्पष्ट सांगितलं, की करार मागणी अर्धी करा, नाहीतर पुढच्या हंगामाच्या आत मिल भाड्याने द्यावी लागेल. भाड्याने घेणारा स्वतःची माणसं आणेल. खाजाभाई आणि डाळ निवडणाऱ्या बायका घरी बसतील.

अप्पांनी मान हलवली आणि चष्मा पुसत बसले. चष्मा आधीच स्वच्छ होता.

गौरम्मा काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्या सातवी शिकलेल्या. बिल मराठीत होतं. त्यांनी ते उचलून डोळ्यांजवळ धरलं. "ही कुणाची मागणी लिवलीय?"

"आपली," अप्पा म्हणाले. "मिलची."

"मिलची कशाची. ती तर एकाच लायनीवर चालून राहिली." त्यांनी बिल खाली ठेवलं. "दुसरी लाईन पोरानं मागितली व्हती का कधी? तुमीच मागून राहिले. त्येच्या नावानं."

अप्पा उठून देवघरात गेले. पूजेची वेळ नव्हती.

तेव्हा मला उलगडा झाला, आणि माझाच मला राग आला. इतकी वर्षं मी या माणसाला आकडे समजावत होते. आकडे त्याला माझ्याइतकेच कळत होते. करार कमी करायचा म्हणजे श्रीशैल येणार नाही असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, आणि तेवढंच त्याच्याने होत नव्हतं.

मागणी कमी करण्याचा अर्ज करायचा नाही म्हटल्यावर हरकत घेणं एवढंच उरलं. सुनावणी ऑनलाईन होती. लहान मिलवाल्यांच्या संघटनेने नांदेडला एक हॉल घेऊन पडदा लावला. अप्पांसाठी मी छान मुद्देसूद हरकत लिहून दिली होती. श्रीशैलचं ऑफिस तिथून जवळच, म्हणून दुपारी तो अप्पांना जेवायला घरी नेणार असं ठरलं.

अप्पांचं नाव पुकारलं गेलं. माझा पहिला मुद्दा होता, की शेतीपंपाला वीज स्वस्त देता आणि तो भार कारखान्यांवर टाकता, हा अन्याय आहे. अप्पांनी कागद बघितला, बाजूला केला आणि म्हणाले, "शेतकऱ्याच्या मोटारीचा भार आमच्यावर हाय, तो असू द्या. आमची तूर त्याच पाण्यावर येती."

मी डोळे मिटून घेतले. महिनाभराचं काम त्यांनी एका वाक्यात कंपनीला दान करून टाकलं होतं.

पुढे त्यांनी दुसऱ्या लाईनचं सांगितलं. वर्षातून एकदा चालते, आणि पैसे वर्षभर द्यावे लागतात. पडद्यावरचे आयोगाचे सदस्य शांतपणे ऐकत होते. त्यांतले एक म्हणाले, "एकदाच चालते तर करार मागणी कमी करण्याचा अर्ज तुम्ही का करत नाही? ते आमच्या नाही, तुमच्या हातात आहे. तुम्ही केव्हाही मागाल म्हणून कंपनीला तेवढं तयार ठेवावं लागतं. तयार ठेवायला खर्च येतो."

अप्पांनी माईक जरा जवळ ओढला.

"खरं हाय साहेब," ते म्हणाले. "तयार ठेवायला खर्च येतोच. मीबी तयार ठेवून राहिलो की. पोरगा हितंच नांदेडला असतो. आज न्हाई उद्या येईल. तो आला अन् मी म्हणलो वीज न्हाई, तर कसं दिसतंय ते?"

सदस्यांनी मान डोलावली. हरकत नोंदवून घेतली म्हणाले. पुढचं नाव पुकारलं गेलं.

मी वळून बघितलं तर हॉलच्या दारात श्रीशैल उभा होता. ऑफिसचं ओळखपत्र अजून गळ्यात, हातात गाडीची किल्ली. त्याने सगळं ऐकलं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये आम्ही तिघं आलो. मला तिथून सटकायचं होतं, पण माझी पिशवी अप्पांनी सौजन्याने स्वतःच्या हातात घेतलेली, त्यामुळे उभं राहणं भाग होतं.

श्रीशैल म्हणाला, "अप्पा, मी मुहूर्ताला कामून येत न्हाई, ठाऊक हाय?"

"रजा मिळत न्हाई तुला."

"मिळती. रजा मिळती." तो किल्ली बोटात फिरवत होता. "नोकरी लागल्यावर आलो व्हतो की एकदा. दुसरी लाईन चालू झाली की सगळे माझ्याकडं बघतेत. स्वामी बघतेत, खाजाचाचा बघतेत, तुम्ही तर बघतच न्हाई, ते आणखी वाईट. मला वाटतंय मी काही चोरून पळून गेलोय. म्हणून मिलच्या रस्त्यानंच जात न्हाई मी."

"तुला कुणी काय म्हणलं का?"

"कुणी कामून म्हणंल? लाईनच म्हणती की. वर्षाला एकदा."

अप्पांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लाईन काढून टाकली तर तू म्हणशील, अप्पानं माझी आशा सोडली. म्हणून ठेवली मी."

श्रीशैलने मान खाली घातली. "तुम्ही आशा सोडायची वाट बघून राहिलोय मी, अप्पा. लई वर्षं झाली. तुम्ही ती सोडली की मला घरी येता येईल."

अप्पांना ते लागलं. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर बरं झालं असतं, कारण ते नुसते उभे होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. अखेरीस ते म्हणाले, "अंबिका जेवायची थांबली असंल. चल." माझी पिशवी घेऊनच ते गाडीत बसले. मग मलाही जावं लागलं. जेवताना तिघंही रेल्वेच्या बदल्यांबद्दल बोलत होते.

परतीच्या वाटेवर अप्पा एसटीत खिडकीशी बसले. देगलूरच्या आसपास त्यांनी विचारलं, अर्जाला काय काय कागद लागतात. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. एरवी मी चिडले असते.

आयोगाचा आदेश यथावकाश आला. मागणीचे पैसे वाढलेच, कंपनीने मागितले होते त्याहून थोडे कमी. आमच्या हरकतीने काही झालं असं मी म्हणणार नाही. अप्पांची करार मागणी तोवर एका लाईनएवढी झाली होती. दुसरी लाईन देवणीच्या एका मिलवाल्याने नेली. ट्रक भरत असताना अप्पा आत जाऊन बसले आणि खाजाभाई उगाचच हमालांवर ओरडत होते.

त्यानंतरच्या एका रविवारी मी बिल घेऊन गेले, तर मिलच्या अंगणात श्रीशैल. मुहूर्त नव्हता, सण नव्हता. वाळत घातलेल्या तुरीत अनवाणी उभा राहून तो पायाने तूर सारत होता, आणि खाजाभाई बाकावरून त्याला नावं ठेवत होते. आत मशिन चालूच होतं. बाप-लेकाला एकमेकांशी बोलायला ओरडावं लागत होतं आणि ते ओरडत होते.

अप्पा माझ्याजवळ येऊन बसले. बिल घेतलं, न बघता घडी घातली. पोराकडे बघत सावकाश म्हणाले, "मंजुषा, मला वाटायचं मी त्याची वाट बघून राहिलो. मी वाट अडवून बसलो होतो."