कुठं बसवू?

जव्हारच्या त्या स्टुडिओवाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठं बसवू? वाघावर की चंद्रावर?" गिऱ्हाईक हसलं की तो त्याला स्टुलावर बसवायचा, नसलेल्या वाघाचे कान धरायला लावायचा आणि ओरडायचा, "अरे घट्ट धर, पडशील!" वाघ नंतर कॉम्प्युटरवर यायचा. शाळा सुटली की मी मास्तरकी विसरून ती गंमत बघत बसायचो.

एकदा मोखाड्याकडची एक बाई तान्ह्या मुलाचा फोटो घेऊन आली. मूल गेलं होतं. तिला ते मांडीवर हवं होतं. तिला काही शिकवावं लागलं नाही. रिकामे हात तिने असे धरले की तो ओरडायचंच विसरला.

फोटोत मूल गळ्यापर्यंत गुंडाळलेलं होतं. त्याने कॅलेंडरवरच्या बाळाचं गुटगुटीत अंग लावलं, गालही भरले. "खूश होईल बघा, मास्तर." मीही "झकास!" म्हणालो.

बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"यो माझा पोऱ्या नाय. तो यवढा जाडा नव्हता."

त्याने खुर्ची पुढे ओढली. बाळाचे दंड कमी केले, मांड्या कमी केल्या, गाल आत घेतले. "आता?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"आजून बारीक."

त्याने पुन्हा माऊस धरला.

"आजून."

शेवटी ती म्हणाली, "हां, यो."

तेव्हा पडद्याकडे फक्त तीच बघत होती.