भांडणानंतरची भूक

कपडे शिवून घराला हातभार लावणाऱ्या त्या बाईची नवऱ्याशी रोज काही ना काही कुरबुर व्हायची. मग नुकतंच जेवण झालेलं असलं तरी ती मशीनवर बसल्या बसल्या बिस्किटांचा पुडा फस्त करायची. नवरा तिला खादाड म्हणायचा आणि तिलाही ते खरंच वाटायचं.

एकदा नर्स असलेल्या नणंदेनं ते ऐकलं. "दादा, तिला नावं ठेवू नकोस. भांडणाच्या ताणानं भुकेचं हार्मोन वाढू शकतं. मग भरल्या पोटीही भूक लागते."

नवरा ओशाळला. पुढच्या कुरबुरीनंतर तो स्वतःच स्टूल ओढून तिच्याजवळ बसला. "चुकलं माझं. बोल, काय झालं?"

दोघं बोलत बसली. त्या दुपारी तिला मुळी भूकच लागली नाही.

"वन्सं, तुमचे उपकार कसे फेडू?" ती अजूनही नणंदेला म्हणते.