साफ केलेल्या उतारावरचं अंजनबन

"मॅडम, बठ्ठं साफ करी टाकं. एक काडी बी ठेवी नही," भिकाभाऊ अभिमानाने म्हणाला. त्याच्यामागे जेसीबी घरघरत होता आणि माझ्या हातात अंजनाचं मेलेलं रोप होतं.

जागा चाळीसगावच्या पुढची, डोंगराच्या पायथ्याची. मालक पारसभाऊ, चाळीसगावातले कापडाचे व्यापारी. त्यांचे वडील, बापूजी, तरुणपणी कापडाचे गठ्ठे घेऊन या बाजूच्या बाजारांना जायचे आणि दुपारी अंजनाच्या सावलीत टेकायचे. आता ते फारसे उठत नाहीत. त्यांच्या डोळ्यांदेखत इथे अंजनाचं बन उभं राहावं, एवढीच मुलाची इच्छा. दोनदा रोपं लावली, दोनदा वाळली. म्हणून मला बोलावलं. जळगावला माझी मातीची लॅब आहे. झाडांच्या मुळांवरची बुरशी हा माझा विषय. लग्नकार्यात कोणी विचारलं तर मी नुसतं "माती तपासते" म्हणते, कारण बुरशी म्हटलं की लोक ताट बाजूला सारतात.

ही बुरशी मुळांत शिरते, पण रोग करत नाही. मुळं पोचत नाहीत तिथून तिचे बारीक धागे पाणी आणि फॉस्फरस आणतात. बदल्यात झाड तिला साखर देतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रोप जगायचं, तर हा व्यवहार चालू राहावा लागतो.

लागवडीचं काम बघणारा भिकाभाऊ पारोळ्याकडचा. उभी हयात केळीच्या टिश्यू कल्चर नर्सरीत गेलेली. कामाला वाघ, पण शिस्त सगळी केळीची. लागवडीआधी रान आरशासारखं लख्ख हवं. इथेही त्याने वरची माती खरवडली, पालापाचोळा पेटवून दिला.

"मुळांची बुरशी घातली होती का?" मी विचारलं.

"टाकेल शे ना! व्हॅमनी पावडर." व्हॅम म्हणजे याच बुरशीची बाजारात मिळणारी पावडर.

"मग?"

"मंग आठ दिनमा बुरशीनाशक सोडं. रोपले बुरशी लागाले नको म्हनीसन."

मला हसावं की रडावं कळेना. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि दारात कुत्रं सोडायचं, त्यातली गत. मी काम थांबवायला लावलं आणि दोन ठिकाणची माती घेतली. एक खरवडलेल्या उताराची, दुसरी कडेला उरलेल्या जुन्या जंगलाच्या पट्ट्यातली. जेसीबीची पुढची पाळी त्याच पट्ट्याची होती.

माती पाण्यात ढवळून बारीक चाळण्यांतून गाळली, की बुरशीची बीजं मायक्रोस्कोपखाली दिसतात. त्यांना आम्ही स्पोअर्स म्हणतो. पट्ट्यातल्या मातीत पिवळी, तपकिरी, काळी, नाना जातींची बीजं होती. उताराच्या मातीत जवळपास एकच जात, कसलीही मोडतोड सोसणारी.

रिपोर्ट घेऊन दुकानात गेले. पारसभाऊ म्हणाले, "एक जात तर आहे ना? आणखी व्हॅम टाकू. जेसीबी सोमवारी परत येतोय. पट्टा सपाट झाला की रांगा सरळ येतील."

"भाऊ, दुकानात नुसते स्वेटर ठेवाल का?"

"दिवाळं निघेल."

"तसंच आहे हे. कोणती जात पाणी चांगलं आणते, कोणती फॉस्फरस, कोणती दुष्काळात टिकते. एकीवर बारा महिने भागत नाही. बाकीच्यांचं गोदाम म्हणजे तो पट्टा. तो गेला तर आणायच्या कुठून?"

त्यांनी रिपोर्ट पुन्हा उघडला. मग हळूच म्हणाले, "जीवहत्या नको म्हणून मी तिथे कीटकनाशक मारू दिलं नाही, मॅडम. घरात पापडाला बुरशी आली तर आम्ही जैन लोक त्यातही अनंत जीव मानतो. मातीतल्या बुरशीचं मनातच आलं नाही हो."

त्यांनी बसल्या जागेवरून फोन लावून जेसीबी रद्द केला. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. वाईटही वाटलं, कारण पुढचं सांगायचं राहिलं होतं. पट्ट्याला लागून रोपं लावा, प्रत्येक खड्ड्यात जुन्या झाडांखालची ओंजळभर माती घाला, औषध बंद ठेवा, गवत राहू द्या, एवढं मी सांगितलं.

"आणि बाकीचा उतार?"

"भरून यायला बरीच वर्षं लागतील."

"बापूजींना दिसेल?"

"नाही," मी म्हणाले. शब्द जड गेला, पण खोटी आशा दाखवायची तर पावडर विकणारे पुष्कळ आहेत.

गवत भिकाभाऊला बघवेना. "लोके हासतीन, मॅडम," असं तो भेटेल तेव्हा म्हणायचा. पण त्याने उपटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पट्ट्यालगतची बरीच रोपं तगली. उंची घोट्याएवढीच, कारण अंजन आधी मूळ खाली सोडतं. उतार उजाडच होता. पारसभाऊ बापूजींना घेऊन आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी गाडी वळवून अशी लावली, की बापूजींच्या खिडकीतून फक्त जुना पट्टा दिसावा. म्हातारबाबा त्या उंच झाडांकडे बराच वेळ बघत राहिले.

"छान वाढवलंस रे," ते म्हणाले.

पारसभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून बापूजींच्या खिडकीची काच पूर्ण खाली केली.

हल्ली झाडं लावण्याचा सल्ला मागायला कोणी आलं, की मी आधी विचारते, जागा साफ केलीत का? "अजून नाही" म्हणाले तर चहा मागवते.