शेजाऱ्यांच्या सह्या आणि दिल्लीचे कोर्ट

परळच्या नाक्यावर टेबल टाकून मी अर्ज लिहीत असे. शिक्षण इंग्रजी चौथीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या मसुद्यातला शब्द बदलण्याची वेळ वकिलांवर क्वचितच येई. न्यायालय म्हणजे काय, हे मी जाणत होतो. लालबागच्या एका चाळीतल्या लोकांना मात्र केवळ आपापला झेंडा कळत होता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे ते दिवस. त्या चाळीतल्या एका गिरणी कामगाराला दगडफेकीच्या संशयावरून स्थानबद्ध केले होते. वास्तविक दगडफेकीच्या संध्याकाळी तो गॅलरीत दोन शेजाऱ्यांबरोबर पत्ते खेळत होता. त्याच्या बायकोसाठी मी सर्वोच्च न्यायालयाकडे करायचा अर्ज तयार केला. उणीव होती ती या दोघांच्या साक्षीच्या सह्यांची.

पहिला शेजारी चळवळीतला. त्याने कागद न वाचताच परत केला.

"वहिनी, मुंबई नाकारणाऱ्या दिल्लीचं कोर्ट ते. त्याच्यापुढे हात जोडायचे?"

"हात मी जोडतंय. तुमी फक्त खरा काय ता लिवन द्या," ती म्हणाली.

"खरं सांगायला आधी कोर्ट खरं पाहिजे."

दुसरा सत्ताधारी पक्षाचा, टोपी कडक इस्त्रीची. "सर्वोच्च न्यायालय म्हणजे देवळाचा कळस, मास्तर. हिचा नवरा निर्दोष असेल तर सुटेलच. कळसाला आपण काय शिकवायचं?"

"तो तुमच्यासमोर बसून पत्ते पिसत होता, हे कळसाला दिल्लीहून दिसणार आहे का?" मी विचारले. त्याने दार लावून घेतले.

अर्ज केवळ तिच्या अंगठ्यानिशी गेला आणि पुराव्याअभावी नामंजूर झाला. पहिला म्हणाला, "बोललो नव्हतो?" दुसरा म्हणाला, "न्याय झाला." एका माणसाच्या कोठडीवर दोघेही सारखेच खूश. अशा माणसांना न्यायालय नको असते. आपल्या मताला मान डोलावणारा नंदीबैल हवा असतो.

पुढे कुठल्याशा खटल्यात त्याच न्यायालयात सरकार हरले. झाले, पहिला न्यायमूर्तींचे गोडवे गाऊ लागला आणि दुसरा त्यांना शिव्या मोजू लागला. तेव्हा ती बाई पुन्हा माझ्या टेबलाशी आली.

"मास्तर, आता त्या चळवळवाल्याचो कोर्टावर विश्वास बसलो. परत लिवा."

मी नवा अर्ज लिहिला. पहिल्याने तोही वाचला नाही, पण सही ठोकली.

"मागच्या वेळेपेक्षा काय बदललं?" मी विचारले.

"कोर्ट सुधारलं, मास्तर."

शाई वाळण्यापूर्वीच तिने कागद ओढून घेतला आणि जिना उतरू लागली. मी थांबायला सांगितले, तर मागे न पाहता म्हणाली, "उद्या कोर्ट परत बिघाडला तर?"