आईचे माळढोक

आईबरोबर बार्शीला जाताना एसटीच्या खिडकीतून वाळल्या गवताचा वास आला आणि मला नामिबियातली ती सकाळ आठवली. पक्षी दाखवणाऱ्या सहलीला मी आईला घेऊन गेले होते. आपल्याकडे आषाढ, तिकडे कोरडा हिवाळा. नजर जाईल तिथवर पिवळं गवत, अगदी नान्नजच्या माळासारखं. त्यातून एक उंच, करडा पक्षी सावकाश चालत आला. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागे माळ तुडवलेली आई जीपमध्ये ताडकन उठली. "अगं, माळढोक की गं!" गाईड म्हणाला, पुढे सिंह दिसलेत, निघू या. "सिंव्ह ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, "त्याला इचार, थंडीत आपल्याकडं पाखरं येत्यात, तसे आपल्या माळावरचे समदे हितं आलेत का?" मी विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. हा तुमच्या माळढोकाचा भाऊबंद, पण इथलाच; समुद्र ओलांडणारी ही जात नव्हे. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. "व्हय," मी म्हणाले. आज नान्नज आलं तशी मी बाहेर पाहिलं. एकेकाळी माळढोकांसाठी ओळखला जाणारा तो माळ रिकामाच होता. शेजारच्या सीटवरच्या बाईला आई सांगत होती, "आमचे माळढोक खुशाल हायत तिकडं. मी सोता बघून आले की."