जोडीदारीण हजर आहे

वडीगोद्रीच्या सत्यशीलाबाई हिवाळे भुताला मानत नव्हत्या. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण त्या स्वतःच सांगत फिरायच्या. अंगणवाडीत एखाद्या पोराच्या दंडाला काळा दोरा दिसला की बाईंची कात्री निघायची. दोरा कापून झाला की पोराच्या हातावर गुळाचा खडा, आणि मग त्याच्या आईची खैर नसे. "अगं, पोराला जंत झालेत! भूत काय त्याच्या पोटात बसून खिचडी खातंय का?"

दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात, शहाऐंशी साली, त्यांचं लग्न झालं. नवरा सर्जेराव. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान. माणूस गरीब, पण जिभेला हाड नाही. बाई अंगणवाडीत लागल्या, दोन लेकरं झाली, लेकरांबरोबर अभ्यासाला बसून बारावी काढली. बाईंचं एकच दुखणं होतं. पोरींच्या वयाच्या मुख्यसेविका जीपमधून उतरायच्या आणि वजनकाटा कसा धरायचा ते बाईंना शिकवायच्या. मुख्यसेविका व्हायला पदवी लागते आणि वयाची अट असते. पदवीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि वयाची अट त्याच वर्षी संपणार होती. यंदा नाही तर कधीच नाही.

हे सन दोन हजार सातचं. जालन्यात मस्तगडला एका जुन्या दुकानाच्या माडीवर अभ्यासकेंद्र होतं. रविवारी तिथं वर्ग आणि बाकी आठवडा संगणकावर. केंद्राचे कारभारी सर नियम असे सांगायचे, जणू कोर्टात निकाल वाचतायत. दर आठवड्याला संगणकावर हजेरी लावायची. दिलेल्या विषयावर आपलं मत लिहायचं आणि आपल्या जोडीदाराच्या मताला उत्तर द्यायचं. शेवटी जोडीनं एक प्रकल्प. जोडीतल्या एकाच्या गावी जाऊन एका कुटुंबाचा अभ्यास. चाळीस गुण याचे, साठ परीक्षेचे.

"आणि प्रकल्प द्यायच्या आधी जोडीतलं एक गळालं," सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तर दोघंबी अपूर्ण. मंग माझ्यापुढं रडायचं न्हाई."

सत्यशीलाबाईंच्या वाट्याला आली धावड्याची शिवकन्या. एक गाव जिल्ह्याच्या या टोकाला, दुसरं त्या टोकाला. शिवकन्या तिशीतली, हसरी, लहान मुलीची आई. रविवारी दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. इतर दिवशी बाई हायवेच्या नेट कॅफेत बसून संगणक उघडायच्या. शिवकन्याच्या नावापुढं हिरवा दिवा लागलेला असला की बाईंना बरं वाटायचं. सर्जेराव दुकानातून ओरडायचा, "लागला का गं तुझ्या सवतीचा दिवा?"

दिवाळीनंतर शिवकन्या रविवारी येईनाशी झाली. बाईंनी मनावर घेतलं नाही. सुगी होती, आणि रविवारची सक्तीची हजेरी तिची आधीच भरली होती. संगणकावरही दोन आठवडे दिवा लागला नाही. मग पुन्हा लागला. "घरी अडचण होती," एवढंच लिहून आलं आणि काम पुढं चालू झालं.

विषय होता एकत्र कुटुंबातलं स्त्रीचं स्थान. बाईंनी पुस्तकातलं पानभर उतरवलं. शिवकन्याकडून आलं ते असं: "सून गेली की चूल दोन दिवस पेटत न्हाई. शेजारचे भाकरी देतात. तिसऱ्या दिवशी म्हातारीलाच पेटवावी लागते. तवा डाव्या हाताला ठेवायची तिची सवय. म्हातारीचा हात उजवीकडं जातो आणि जाळावर भाजतो."

कारभारी सरांनी दहापैकी नऊ दिले आणि खाली लिहिलं, अनुभवावर आधारित लेखन.

त्याच आठवड्यात जालन्याच्या बसस्टँडवर भोकरदनची नंदाबाई भेटली. ही कोर्स अर्धवट सोडून शिवणकामाला लागली होती. बातम्या गोळा करायचं काम मात्र तिनं सोडलं नव्हतं.

"तुझी जोडीदारीण गेली की गं," ती म्हणाली.

"कुठं गेली?"

"कुठं म्हंजे? मेली. कावीळ झाल्ती. दिवाळीच्या पाडव्यालाच गेली. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"अगं, परवा बोलली की माझ्याशी!"

नंदाबाईनं बाईंकडं बघितलं, छातीला हात लावला, आणि समोरची बस आपली नसताना तिच्यात चढून बसली.

सत्यशीलाबाई वडीगोद्रीला उतरल्या त्या सरळ कॅफेत गेल्या. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. संगणक उघडला. शिवकन्याच्या नावापुढं हिरवा दिवा होता. बाई बघत राहिल्या. आणि त्या बघत असतानाच खाली अक्षरं उमटली: "ताई, जेवल्या का?"

रविवारी डबा उघडताना शिवकन्या हेच विचारायची.

बाईंनी संगणक बंद केला नाही, तसाच सोडला. घरी येऊन कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्याल्या. सर्जेरावानं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाल्या, "बस लागली." भुताला न मानणाऱ्या बाईला भुताचं भ्यायचीसुद्धा सोय नसते. सांगणार कुणाला? दोरे कापलेल्या आयांना?

सरांना सांगायला हवं होतं. मस्तगडची माडी त्या चढल्यादेखील. सर गुणांचा कागद भिंतीला चिकटवत होते. "बघा, हिवाळेबाई, तुमची जोडी सगळ्यात पुढं चालून राह्यली. प्रकल्प जल्दी द्या, बस." बाईंनी कागद बघितला. दोन नावं, एकाखाली एक, सारखे गुण. एक नाव गळालं की दुसरं अपूर्ण. "हो सर," म्हणाल्या आणि उतरल्या.

त्या रात्रीपासून नव्हे, त्या दिवसापासूनच बाईंचं बिनसलं. अंगणवाडीत हजेरी घेताना पोरांनी ओ दिली की दचकायच्या. आठवड्याच्या आठवड्याला कॅफेत मात्र जायच्या आणि मेलेल्या बाईच्या मताला मुद्देसूद उत्तर लिहायच्या. तुमचा दुसरा मुद्दा मला पटला. तिकडून उत्तर यायचं. गुण पडायचे.

मग प्रकल्प आला. सरांनी गाव धावडाच ठरवून दिलं होतं, म्हणून जाणं भाग होतं. संगणकावर विचारलं तर उत्तर आलं, "या. शाळेच्या मागं घर. वाट बघते."

वाट बघते! बाई भोकरदनला बस बदलून धावड्याला उतरल्या. शाळेमागच्या घराच्या अंगणाला कुडाचं कुंपण होतं. ओट्यावर एक म्हातारी ज्वारी पाखडत बसली होती. शिवकन्याची सासू, गिरिजाबाई. तिच्या उजव्या हातावर भाजल्याचे डाग होते, एकावर एक.

"सत्यशीला ना तू?" म्हातारी म्हणाली. "ये बाई. जेवली का?"

बाई ओट्यावर खाली बसल्या, बसल्या कसल्या, कोसळल्या. म्हातारीनं पाणी दिलं. आतून शिवकन्याचा नवरा कडूबा आला. त्याचं शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान होतं आणि दुकानात संगणक होता. तो मान खाली घालून उभा राहिला.

"माय सांगती, मी लिहितो," तो म्हणाला.

"पण का? मेलेल्या माणसाच्या नावानं?"

गिरिजाबाईनं सूप बाजूला ठेवलं. "दहाव्याला कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं. मी बोलले, लेकीला नीट वागवीन. शिवंना. ह्यानं सांगितलं, दुसरी करणार न्हाई. तरी शिवंना. कावळे सगळे झाडावर, खाली एकबी येईना. मंग मला सुचलं. बोलले, शिवकन्ये, तुझं कालेज पुरं करू आम्ही. बोलले न बोलले तोच खाली आला."

"मावशी, असं कुठं असतं का? आम्ही न्हाई मानत हे."

"तू नको मानू. मी जबान दिली."

"अहो, परीक्षेला सोता बसावं लागतं!"

"यंदा न्हाई तर पुढल्या साली. कालेज कुठं पळून जातं?"

बाईंनी कडूबाकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "केंद्रावर कळवा तुम्ही, माझी ना न्हाई. नाव कापतील. मंग माय पुन्हा त्या झाडाखाली जाऊन बसंल. पहिलं बसत व्हती तशी."

खरं तर बाईंना तेव्हा हायसं वाटायला हवं होतं. भूत नव्हतंच, त्यांचंच म्हणणं खरं ठरलं होतं. पण म्हातारी समोर बसून जे बोलत होती, मान तिरकी करून, शब्द ओढून, ते सगळं शिवकन्याचं होतं. सुनेच्या नावानं बोलता बोलता सासूला सुनेची जीभ आली होती. आणि बाईंच्या पिशवीत प्रकल्पाचे कागद होते.

त्यांनी कागद काढले. कुटुंबातले सदस्य किती, हा पहिला प्रश्न.

"लिही," म्हातारी म्हणाली. "मी, हा कडूबा, आमची चिमी. आणि शिवकन्या."

बाईंचा पेन थांबला. अंगणात चिमी खडूनं घर काढत होती. थांबलेला पेन चालला, आणि बाईंनी लिहिलं, चार.

सगळ्या जोड्यांत याच प्रकल्पाला जास्त गुण पडले.

परीक्षेला दोघींचे नंबर शेजारी आले. बाकावर शिवकन्याच्या नंबराची चिठ्ठी चिकटवलेली. पर्यवेक्षकानं नाव पुकारलं, दोनदा पुकारलं. बाईंच्या तोंडात "हजर" येऊन अडकलं. उशिरा येणाऱ्यासाठी अर्धा तास थांबतात, म्हणून त्यानं प्रश्नपत्रिका रिकाम्या बाकावर पालथी ठेवली. पंख्याच्या वाऱ्यानं ती एका कोपऱ्यातून उचलायची, पुन्हा बसायची, कुणी वाचायला घ्यावी तशी. बाईंनी अर्धा तास एक ओळ लिहिली नाही. पर्यवेक्षक ती घेऊन गेला, मग हात चालला.

निकाल लागला. सत्यशीलाबाई उत्तीर्ण, शिवकन्या गैरहजर. पुढच्या पावसाळ्यात बाई मुख्यसेविका झाल्या. जीपमधून उतरतात, आणि खोटं कशाला सांगा, वजनकाटा कसा धरायचा ते त्याही आता शिकवतात. काळा दोरा दिसला तर मात्र कात्री काढत नाहीत. दुसरीकडं बघतात.

एके दिवशी मस्तगडची बेबीनंदा कार्यालयात भेटायला आली. नवी सेविका, चुणचुणीत पोरगी, त्याच कोर्सला बसलेली.

"मॅडम, सरांनी तुमचं नाव सांगितलं. धावड्याची शिवकन्या तुमच्या जोडीला व्हती ना? आता माझ्या जोडीला दिली. परीक्षा राह्यली म्हणून तिनं पुन्हा नाव घातलं. जुन्यांना रविवार माफ आहे, म्हणून बघितलीच न्हाई मी तिला. कशी हाय हो?"

बाईंनी टेबलावरचा कागद सरळ केला. सांगायला एकच वाक्य लागलं असतं. पण ते वाक्य सुरू झालं की त्यांच्या पदवीवर येऊन थांबणार होतं.

"कामाला चांगली हाय," त्या म्हणाल्या. "वेळेत उत्तर देती."

"म्हंजे बराबर हाय ना? मला पास व्हायचंय, मॅडम. यंदाच."

"बराबर हाय. फकत तिला परीक्षेचं काही विचारू नको."

बेबीनंदा हसली आणि खुशीत निघाली. दारात थांबून म्हणाली, "बिलकुल बहिणीवाणी बोलती हो. रोज विचारती, जेवली का."