आईंची नाडी लागत नाही

आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हृदयाला पंप बसवून तेव्हा चार महिने झाले होते. पोटातून बाहेर आलेली एक वायर, ती कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली, आणि खांद्यावरच्या पिशवीत दोन बॅटऱ्या. पंप रक्त एकसारखं ढकलत राहतो, म्हणून मनगटाला ठोके लागत नाहीत. मुंबईच्या इस्पितळात हे सगळं मला शिकवलं होतं, कारण दिवसभर त्यांच्याजवळ मीच असायची. तरी त्यांचा हात हातात घेतला आणि काहीच लागलं नाही, की मी कंट्रोलरकडे बघून घ्यायची.

नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमची फुलशेती आहे. मे महिन्यातली दुपार होती. आई शेडमध्ये बसून झेंडू निवडत होत्या. मी पाटी उचलायला वळले आणि कंट्रोलर किंचाळायला लागला. लाल दिवा. आई फुलांच्या ढिगावर कलंडल्या.

"आई! अहो आई!"

डोळे अर्धवट उघडे, पण उत्तर नाही. वायर जागेवर होती, बॅटऱ्या भरलेल्या होत्या. पंपातून रक्त कमी वाहतंय, असं स्क्रीनवर दिसत होतं. पुढे काय करायचं ते शिकवलेलं, पण मला त्यातलं अक्षर आठवेना. शेजारच्या मळ्यातल्या काकू गावातल्या डॉक्टरांना घेऊन आल्या, तोवर मी कशीबशी ॲम्ब्युलन्स बोलावली.

डॉक्टरांनी मनगट धरलं, मान चाचपली, प्रेशरचं मशीन लावून पाहिलं.

"नाडी नाही, प्रेशरही येत नाही. बाजूला व्हा, छाती दाबावी लागेल."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले.

"नको, डॉक्टर! आत पंप आहे, दाबलात तर हलेल. यांची नाडी लागतच नाही."

"ताई, सोडा! पेशंट हातची जाईल!"

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, मी चुकत असेन तर? माझ्यामुळेच त्या गेल्या तर? मी वाकून त्यांच्या छातीला कान लावला. आत बारीक, सलग घूंऽऽ असा आवाज चालू होता.

"ऐका. तुम्हीच ऐका."

त्यांनी स्टेथोस्कोप ठेवला. बराच वेळ ऐकलं. मग हळूच म्हणाले, "मी असा पेशंट कधी पाहिला नाही. फोन लावा तुमच्या मुंबईला."

मुंबईच्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, अंगातलं पाणी कमी झालेलं दिसतंय, पाय उंच करा, सलाइन लावा. डॉक्टरांनी बाटली लावली, काकूंनी ती हातात उंच धरली. अर्धी बाटली गेली, तेव्हा आईंनी डोळे उघडले आणि कंट्रोलरचं किंचाळणं थांबलं.

ॲम्ब्युलन्सने नाशिकच्या इस्पितळात आणल्यावर संध्याकाळी मी विचारलं, "सकाळपासून पाणी प्यायला नाहीत?"

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "बाथरूमला जायचं तर पिशवी धरायला तुला हाक मारावी लागते. किती वेळा उठवायचं तुला? लाज वाटते गं."

मला रागवायचं होतं. पण मी ग्लास भरून त्यांच्या हातात दिला.

आता त्या माझ्यासमोर ग्लास रिकामा करतात. पण परवा रस्त्यावर एक टेम्पो पीं-पीं करत रिव्हर्स घेत होता, तर मी भाकरी तव्यावरच टाकून धावत बाहेर आले.

दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेल्या आई म्हणाल्या, "अगं, टेम्पो आहे तो."

आणि त्यांनी स्वतःच कंट्रोलरकडे एकदा बघून घेतलं.